शीड कोणी विणलं?

व्हायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी. त्यांच्या मालिकांमध्ये मला सगळ्यात जास्त खटकतं ते चामडं. राजा चामड्यात, त्याचा भाऊ चामड्यात, राणी लढायला निघाली की तीही चामड्यात. छातीवर पट्टे, दंडावर पट्टे, पट्ट्यांना लोखंडी खिळे. रंग म्हणाल तर काळा, करडा, मातकट आणि पुन्हा काळा. लोकरीचं एखादं कापड दिसलंच तर तेही मळकं आणि फाटकं. पाहणाऱ्याला वाटावं, या लोकांना जनावर सोलता येत होतं, कापड विणता येत नव्हतं. आणि हे लोक तर कापडाच्या जोरावर जग फिरले. शीड नसतं तर ते इंग्लंडला कधी पोचले असते?

माझं सगळं आयुष्य कापडात गेलंय, म्हणून हे लिहावंसं वाटलं. माहेर भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात. घरात कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणायचे माग. शाळेतून आलं की आधी कांड्या भरायच्या, मग जेवायचं. सासर वडशाजवळ. सरकारी कागदावर देसाईगंज, बोलण्यात वडसाच. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटक कंपन्यांचं हे गाव. दिवाळी झाली, मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या, धान घरात आला की होळीपर्यंत रोज रात्री कुठे ना कुठे नाटक असतं. त्या कंपन्यांचे कपडे मी शिवते. पावसाळ्यात काम कमी असतं, तेव्हा भाच्याबरोबर मालिका पाहते. 2013 ते 2020 या काळात आलेली 'व्हायकिंग्ज' सहाही सीझन पाहिली, मग 'द लास्ट किंगडम'. दोन्ही मला आवडल्या. आवडल्या म्हणूनच खटकतं.

तारखांवरून भांडणारे पुष्कळ आहेत. इंग्लंडातल्या लिंडिसफार्नच्या मठावर व्हायकिंगांचा हल्ला झाला 793 साली. रोलो या व्हायकिंग सरदाराला आजच्या फ्रान्समधल्या फ्रँकांच्या राजाकडून सीन नदीकाठचा मुलूख मिळाला 911 साली. पुढे त्यालाच नॉर्मंडी म्हणू लागले. मध्ये 118 वर्षं. 'व्हायकिंग्ज' मालिकेत मात्र लिंडिसफार्न लुटणारा नायक रॅग्नार आणि हा रोलो सख्खे भाऊ. कॅटेगॅट हे डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या समुद्राचं नाव आहे, मालिकेत ते गाव होऊन बसलंय. उद्या कोणी वैनगंगा नावाचं गाव दाखवून तिथला पाटील दाखवावा तसं. मागचे डोंगर आयर्लंडचे, कारण चित्रीकरण तिथलं. लेखक मायकेल हर्स्ट यांनी आपण स्वातंत्र्य घेतलं हे स्वतःच सांगितलंय. यावर माझी काही तक्रार नाही. नाटकवाल्यांत वावरणाऱ्या माणसाला हे कळतं. एक पडदा पडतो आणि उघडतो, तेवढ्यात नायिकेचं पोर कॉलेजात गेलेलं असतं. गोष्ट बांधायची तर माणसं जवळ आणावी लागतात, काळ दुमडावा लागतो.

पण काही ठिकाणी गोष्टीच्या सोयीसाठी माणसंच बदलून जातात, तिथे मी अडते. मालिकेत रॅग्नारच्या गावाला पश्चिमेकडे जमीन आहे हेच माहीत नाही. तो शोधून काढतो. आता खरं काय ते पाहा. इंग्रजांच्याच जुन्या बखरीत 789 सालच्या नोंदीत उत्तरेकडून आलेल्या तीन जहाजांची गोष्ट आहे. पोर्टलंडच्या किनाऱ्यावर राजाचा अंमलदार त्यांना व्यापारी समजून विचारायला गेला आणि मारला गेला. व्यापारी समजला, म्हणजे व्यापारी येत असले पाहिजेत. त्याहून बोलका पुरावा अल्क्विनचा. लिंडिसफार्नच्या लुटीनंतर या विद्वानाने उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाच्या राजाला पत्र लिहिलं आणि त्यात रागावून विचारलं की तुम्ही तुमचे केस आणि दाढ्या त्याच परधर्मीयांसारख्या का ठेवायला लागलात? लुटारू पहिल्यांदाच आले असते तर त्यांच्या केसांची नक्कल आधीपासून कशी झाली असती? शेजारी होते ते. येणं-जाणं होतं, देणं-घेणं होतं. त्यांची फॅशन इथली तरुण पोरं उचलत होती. मालिकेतले गचाळ, केस न धुतलेले लोक असते तर त्यांची नक्कल कोण करणार? त्यांच्या कबरींतून कंगवे निघतात, चिमटे निघतात, कान कोरायच्या काड्या निघतात.

आता कपड्यांकडे येते. रंगभूमीवर मी राजाला साटीनचा अंगरखा शिवते. खोटी जर लावते. समोर लोक जमिनीवर बसलेले, शेवटचा माणूस पार शेताच्या धुऱ्यापाशी. त्याला राजा दिसला पाहिजे. कंपनीचे मालक म्हणतात, "ताई, लांबून चमकलं पाहिजे." तिथे ते बरोबरच आहे. पण मालिकेचा कॅमेरा नटाच्या गळ्यापर्यंत जातो. शिवण दिसते, टाका दिसतो, कापडाची वीण दिसते. एवढ्या जवळून दाखवायचं आणि दाखवायला एवढा पैसा हाताशी असायचा, तर तो टाका खरा असायला पाहिजे. निदान रंग तरी.

कारण रंगांचा पुरावा जमिनीतून निघालाय. इंग्लंडातल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाची गल्ली आहे. 1976 ते 1981 या काळात तिथे खोदकाम झालं. जमीन ओली, त्यामुळे एरवी सडून जाणाऱ्या वस्तूही टिकल्या. रंगाच्या वनस्पतींचे अवशेष निघाले. लाल रंग देणारी मुळं आपल्या मंजिष्ठाच्या कुळातली. निळ्या रंगाचं झुडूप वेगळं, पण त्यातून उतरणारा रंग आपल्या निळीचाच. एका सुईने गाठी घालत केलेला लोकरीचा मोजा निघाला. रेशमी टोपी निघाली. दहाव्या शतकातली रेशमी टोपी, यॉर्कच्या चिखलात! लाल, निळे, पिवळे लोक होते ते. त्यांना राखेत लोळवून कशाला आणायचं?

कापड जमिनीत टिकत नाही हे खरंच. स्वीडनमधल्या बिर्का गावच्या कबरींत बायकांच्या खांद्यांवर पितळेसारख्या धातूचे दोन मोठे, लंबगोल, फुगीर ब्रूच सापडतात. अंगातल्या झग्याचे पट्टे त्यात अडकवायचे. झगा गेला, बाई गेली, पण ब्रूचच्या मागे धातूचा गंज चढला आणि त्या गंजात कापडाचा इवलासा तुकडा जपला गेला. आग्नेस गाइयेर या बाईंनी तसे तुकडे तपासून 1938 साली बिर्काच्या कापडांवर ग्रंथ काढला. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावरून वीण कोणती, पीळ कोणत्या बाजूचा, हे वाचायचं. मी तुकडा हातात घेतला की आधी उलटा करून पाहते. तेच काम, फक्त हजार वर्षं जुन्या तुकड्यावर.

बरं, रेशमाचं. नॉर्वेत ओसेबर्गला मातीच्या ढिगाऱ्याखाली अख्खं जहाज सापडलं, 1904 साली खणून काढलं. 834 साली त्यात दोन बायकांना ठेवून वर माती लोटलेली. त्या जहाजात कोरीव गाडा होता, तसे माग होते, टकळ्या होत्या, भिंतीवर लावायचं चित्र विणलेलं कापड होतं आणि रेशमाचे शंभराहून जास्त तुकडे होते. पूर्वेकडून, बायझंटाइन आणि इराणी मुलखांच्या बाजूने आलेलं ते रेशीम. त्यातलं पुष्कळसं अरुंद पट्ट्या कापून लोकरीच्या कपड्यांवर शिवलेलं. ही पट्टी कापायची रीत वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे माझी आईच आली. करवतकाठी साडी विरली तरी तिचा काठ विरत नाही. तीन धोट्यांनी विणलेला, दातेरी. आई तो काठ उसवून काढायची आणि दुसऱ्या कशालातरी लावायची. महागाची वस्तू अशीच वापरली जाते, ओंजळ-ओंजळ करून.

त्याच जहाजात पट्टी विणायचा एक छोटा मागही होता. लाकडाच्या चौकोनी पातळ पाट्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यांना भोकं, भोकांतून धागे ओवलेले. पाट्या फिरवायच्या आणि मधून बाणा, म्हणजे आडवा धागा, घालायचा. अशा 52 पाट्या, धागे अजून ओवलेले, काम अर्धवट. काम मागावर असतानाच ती पट्टी त्यांच्याबरोबर पुरली.

आता मागाचं सांगते, कारण ते मला सगळ्यात आवडतं. त्यांचा माग उभा. दोन खांब भिंतीला टेकवलेले, वर आडवं लाकूड, त्याला ताणा, म्हणजे उभे धागे, बांधलेला आणि ताण्याचे धागे खाली सोडलेले. त्यांना ताण यावा म्हणून जुडी-जुडी करून खाली भाजलेल्या मातीची किंवा दगडाची भोकाची वजनं लटकवलेली. विणणारीने उभं राहायचं. बाणा टाकत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, परत यायचं. आणि ठोकायचं वरच्या दिशेने. कापड वरून खाली वाढत येतं. ठोकायला तलवारीच्या आकाराची पट्टी, लोखंडाची किंवा देवमाशाच्या हाडाची. बायकांच्या कबरींतून या पट्ट्या निघाल्यात. आमच्या खड्डामागावर सगळं उलटं. जमिनीलगत बसायचं, पाय खड्ड्यात, पावड्या दाबायच्या, बाणा स्वतःकडे ओढून ठोकायचा. आमच्या आजीची कंबर गेली होती. त्या बायकांचे खांदे जात असतील. दिवसभर हात वर.

एक गोष्ट मात्र सारखी निघाली, तिचं मला फार कौतुक वाटलं. त्यांच्या वस्त्यांत जमिनीत खोदून बसवलेल्या लहान झोपड्या सापडतात आणि त्यांतल्या कितीतरींच्या तळाशी मागाची वजनं पडलेली. विणायच्या खोल्या त्या. आमच्या बाबांना मी लहानपणी विचारलं होतं, माग खड्ड्यात काहून? ते म्हणाले, "कोरड्या हवेत तार तुटते बाई, खाली ओल रायते." उन्हाळ्यात ते मागाखालच्या जमिनीवर पाणी शिंपडायचे. एवढ्या दूरच्या थंड मुलखात कोणी जवसाच्या धाग्याचं, म्हणजे लिननचं, सूत विणणारी त्याच ओलीसाठी जमिनीत उतरत असावी.

आता शीड. व्हायकिंगांची शिडं लोकरीची असायची. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डे खाडीतून 1962 साली पाच जहाजं काढली. तिथल्या संग्रहालयाने त्यांच्या प्रतिकृती बांधल्या, पाण्यात घातल्या आणि लोकरीची शिडंही विणून पाहिली. नुसती लोकर वारा धरत नाही, आरपार जाऊ देते, म्हणून चरबी, गेरूसारखी तांबडी माती आणि डांबर चोळून वीण बुजवायची. अभ्यासकांनी हिशेब मांडलाय: 100 चौरस मीटरचं शीड म्हणजे सुमारे 154 किलोमीटर सूत. वडशाहून नागपूरला पोचेल एवढं. टकळीवर एका बाईने रोज दहा तास सूत काढलं तर 385 दिवस. मेंढ्यांची लोकर उपटून ती विंचरून तयार करायला आणखी 600 दिवस. विणकाम त्याच्यापुढे. जहाजाच्या लाकूडकामापेक्षा शिडाला जास्त वेळ लागायचा.

टकळीवर सूत काढलेल्या माणसाला 385 या आकड्याचा अर्थ कळतो. तळहाताची कातडी कशी होते ते कळतं. एका हाताने पेळू सोडत राहायचा, दुसऱ्याने टकळी फिरवायची, ती जमिनीला टेकायच्या आत सूत गुंडाळायचं, पुन्हा सोडायची. पाणी भरायला जाताना, पोराला झोपवताना, चुलीवर काही शिजत असताना. इंग्लंडवर 865 साली मोठी फौज उतरली, तेव्हा त्या प्रत्येक जहाजावर असं एक शीड होतं. किती घरांच्या किती बायका, त्यांतल्या कितीजणी कुठूनतरी पकडून आणलेल्या! त्या काळी माणसं पकडून विकणं हा मोठा धंदा होता आणि डब्लिनला माणसांचा बाजार भरत असे.

मालिकेने लोहाराला जागा दिली. पहिल्या सीझनमध्ये रॅग्नार चोरून नवं जहाज बांधतो आणि त्याचा नांगर घडवून देणाऱ्या म्हाताऱ्या लोहाराला जार्ल, म्हणजे तिथला सरदार, मारून टाकतो. चांगला प्रसंग आहे, अंगावर येतो. जहाज बांधणारा फ्लोकी तर सगळ्यांचा लाडका. शीड मात्र एकदम वाऱ्यावर फुगलेलंच समोर येतं.

असंच दुसरं एक ठिकाण आहे. त्याच सीझनमध्ये जार्ल मरतो आणि त्याला जहाजात ठेवून जाळतात, बरोबर एका दासीला मारून पाठवतात. हा प्रसंग मनाचा नाही. बगदादच्या खलिफाने व्होल्गा नदीकडे पाठवलेल्या मंडळीत इब्न फदलान नावाचा माणूस होता. 922 साली त्याने रूस लोकांच्या, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या व्हायकिंगांच्या, सरदाराची अंत्ययात्रा डोळ्यांनी पाहिली आणि लिहून ठेवली. दासी त्यात आहे, म्हातारी आहे, सुरा आहे. मालिकेने ते सगळं घेतलं. पण इब्न फदलानने आणखी एक गोष्ट लिहिलीय. सरदार मेल्यावर त्याला आधी दहा दिवस तात्पुरत्या खड्ड्यात झाकून ठेवलं, कारण त्याचे कपडे बेतून शिवून व्हायचे होते. त्याच्या मालमत्तेचा एक तृतीयांश भाग त्या कपड्यांवर जायचा. मग त्याला विजार घातली, पायमोजे, बूट, सोन्याच्या गुंड्यांचा भरजरी रेशमी झगा, कातडीची किनार असलेली रेशमी टोपी.

दहा दिवस! मेलेला माणूस वाट पाहतोय आणि शिवणारे शिवतायत. उद्याच्या प्रयोगासाठी रात्रभर मशीन चालवलेल्या मला त्या दहा दिवसांतलं घर दिसतं. माप कोणी घेतलं? गुंड्या कोणी लावल्या? ती दासी तेव्हा कुठे बसली होती, कपड्यांकडे पाहत होती का? मरणाचा प्रसंग त्याने केवढा तरी खोल झाला असता. मालिकेने रक्त ठेवलं आणि शिवणकाम गाळलं.

रॅग्नारची लढवय्यी बायको लागर्था मला आवडते, गैरसमज नको. तिची कथा सॅक्सो नावाच्या डेन्मार्कच्या लेखकाने 1200 सालच्या आसपास लिहिली. बिर्काला हत्यारं आणि दोन घोड्यांसकट पुरलेला एक सांगाडा बाईचा असल्याचं 2017 साली डीएनए तपासून सिद्ध झालं. लढणाऱ्या बायका असतील, असोतच. पण मालिकेत बाईने ढाल उचलली की कॅमेरा तिच्याकडे वळतो. ढाल ठेवली की निघून जातो. कबरींत मात्र टकळीची वजनं, सुया, कात्र्या आणि त्या विणायच्या तलवारी मोठ्या मानाने ठेवलेल्या आहेत. त्यांच्या काळाला त्या कामाचा मान कळत होता. आइसलंडमध्ये तर पुढे लोकरी कापडच पैशासारखं चालायचं, गजाने मोजून कर्ज फेडायचे. आपल्या काळाने तो मान काढून घेऊन त्यांच्या अंगावर चामडं चढवलं.

भाचा म्हणतो, "मामी, लोक लढाई पाहाले बसतात, माग पाहाले थोडेच बसतील?" मी त्याला सांगितलं, बसतील. झाडीपट्टीत पहाटे चारच्या थंडीत शेला पांघरून लोक बसतात ते तलवारबाजीसाठी नाही. आता या बाईचं काय होणार, एवढ्यासाठी बसतात. आणि इथे तर गोष्ट तयारच आहे. रॅग्नारचं जहाज गुपचूप बांधायचंय. जहाज दूर खाडीत झाडांआड लपेल. नांगर एका रात्रीत आणता येईल. शीड कुठे लपवणार? वर्षभर कोणाच्यातरी घरात रोज सूत निघतंय, लागतं त्याच्या दहापट. लोकर एवढी कशाला पाहिजे, असं शेजारीण विचारणार. मेंढ्या कोणाच्या, हा प्रश्न निघणार. चरबीचा आणि डांबराचा वास दारातून बाहेर जाणार. लागर्थाला चार घरच्या बायका विश्वासात घ्याव्या लागणार आणि त्यांतल्या एखादीचा नवरा जार्लच्या पदरी असणार. त्या सगळ्यांनी वर्षभर तोंड बंद ठेवलं, म्हणून जहाज निघालं. त्यांच्यातल्या एकीने जरी सांगितलं असतं, तरी जार्लला लोहारापर्यंत जायची गरजच पडली नसती.